दाण्यातील ठेव



आपल्या ठाणे-कल्याणच्या घरांत कडव्या वालांना एक मान आहे. रात्री वाल भिजत घालावेत, सकाळी पाणी निथळून ते फडक्यात घट्ट बांधावेत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाठ सोडून पाहावे, तर प्रत्येक दाण्याच्या टोकाशी एक पांढरा मोड आलेला असतो. मग ते कोमट पाण्यात टाकून एकेका दाण्याचे साल काढण्याचे चिकाटीचे काम घरातील आई, दादी, बहिणी करीत बसतात. आपण दस्तरखानावर बसतो, बिस्मिल्लाह म्हणतो आणि बिरडे खाऊन उठतो. त्या बांधलेल्या फडक्याच्या अंधारात दोन रात्री काय चालले होते, याचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो.

पवित्र कुरआनच्या सूरह अबसमध्ये (८०:२४–३२) अल्लाहने मनुष्याला आपल्या अन्नाकडे पाहण्याचा आदेश दिला आहे. पाऊस कसा ओतला गेला, जमीन कशी चिरली गेली, आणि तिच्यातून दाणा, द्राक्षे, भाजीपाला, जैतून व खजूर कसे उगवले, हे त्याने एकामागून एक मोजून दाखविले आहे. हा आदेश खाण्याचा नाही, पाहण्याचा आहे. खाणे तर गुराढोरांनाही येते. आज आपण या आदेशाचे पालन म्हणून एका साध्या दाण्याकडे पाहू या. त्यातून आपल्या घरांतील एका जुन्या दुखण्याचा विषय निघणार आहे. तो टाळता येण्याजोगा नाही.

दाणा फोडणारा कोण?

सूरह अनआममध्ये (६:९५) अल्लाहने आपली ओळख दाण्याला आणि खजुराच्या आठळीला फोडणारा, निर्जीवातून सजीव काढणारा अशी करून दिली आहे. तेथे ‘फालिक’ असा शब्द आला आहे. पुढच्याच आयतमध्ये रात्रीला फोडून पहाट काढणाऱ्यासाठीही तोच शब्द आहे, आणि सूरह फलकच्या नावातही हेच मूळ आहे. म्हणजे ज्या सामर्थ्याने क्षितिज उजळते, त्याच सामर्थ्याने तुमच्या स्वयंपाकघरातील वाल उकलतो.

सूरह वाकिआमध्ये (५६:६३–६५) शेतकऱ्याला प्रश्न विचारला आहे की, जे तुम्ही पेरता ते तुम्ही उगवता की आम्ही उगवतो? कल्याण, मुरबाड, शहापूर, भिवंडी या तालुक्यांत ज्यांनी मृगाच्या तोंडावर भाताचा राब भाजला आहे, बी भिजवून व दडपून त्याला मोड आणला आहे आणि चिखलणी केलेल्या वाफ्यात रहू टाकला आहे, त्यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. नांगर आपला, घाम आपला, पण दाणा फुटण्याचा क्षण आपल्या हातात नसतो.

कुरआन हा वनस्पतिशास्त्राचा ग्रंथ नाही आणि त्याच्या आयतींतून प्रयोगशाळेचे निष्कर्ष ओढून काढण्याचीही गरज नाही. तो आपल्याला पाहावयास सांगतो. अभ्यासकांनी मेहनतीने जे पाहिले आहे ते समजून घेणे आणि त्यातील निशाणीपुढे नम्र होणे, एवढे आपले काम आहे.

ठेव कशाची व कोणाची?

दाण्यात दोन गोष्टी असतात. एक अतिशय लहान कोंब, आणि त्याच्यासाठी बांधून दिलेली शिदोरी. वालात, मुगात ही शिदोरी दोन दलांत असते, ज्यांना आपण डाळ म्हणतो. भातात ती तांदळाच्या पांढऱ्या गरात व त्याच्या पातळ आवरणात असते. या शिदोरीत पिष्ट असते आणि प्रथिने असतात. प्रथिनांचे वैशिष्ट्य असे की त्यांत नत्र असते. प्रथिनाच्या वजनाचा साधारण १६ टक्के भाग नत्राचा असतो. मुगाच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे जवळजवळ ४ ग्रॅम नत्र. तांदळात प्रथिने याहून पुष्कळ कमी, सुमारे ७ टक्के.

नत्राशिवाय एकही नवी पेशी घडत नाही. पान हिरवे होत नाही, मूळ वाढत नाही. गंमत अशी की आपल्या भोवतालच्या हवेचा ७८ टक्के भाग नत्राचाच आहे, आणि तरीही कोंबाला त्यातील एक कणही थेट घेता येत नाही. समुद्रात तहानलेल्या नावाड्यासारखी त्याची अवस्था असते. मातीतून नत्र घ्यावे, तर अजून मूळ फुटलेले नाही. अशा वेळी त्याच्याजवळ असते ती केवळ दाण्यातील ठेव.

ही ठेव ठेवली कोणी? ऑक्टोबर महिन्यात टिटवाळ्याच्या बाजूला उभे पीक पाहा. लोंबी भरू लागली की भाताची पाने पिवळी पडू लागतात. आपण म्हणतो, पीक पिकले. वास्तविक त्या वेळी पान आपल्यातील प्रथिने मोडून त्यांतील नत्र देठातून लोंबीकडे पाठवीत असते. दाण्यातील नत्राचा मोठा भाग असा पानांतून व खोडातून आलेला असतो. पान रिकामे होते तेव्हा दाणा भरतो. ज्या रोपाने ही ठेव साठविली, त्याला तिचा उपयोग कधीच करता येत नाही. ते वाळून जाते. ठेव असते ती त्याच्या मागून येणाऱ्यासाठी.

फडक्याच्या अंधारात

आता भिजलेल्या दाण्यात काय घडते ते पाहू. कोरड्या दाण्यात ही प्रथिने लहान लहान कोषांत बंद असतात. पाणी लागताच जाग येते, पण म्हणून सर्व कोठार एकदम उघडत नाही. प्रथम कोंब आपल्याच अंगातील थोडी शिदोरी वापरतो. मुगावर झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की दलांतील मोठ्या ठेवीला साधारण तिसऱ्या दिवसाच्या सुमारास हात लागतो. आपण एक-दोन दिवसांचे मोड आलेले मूग शिजवतो, तेव्हा दलांतील ती ठेव बहुतांशी शाबूत असते. अल्लाहने ती मुगाच्या रोपासाठी ठेवलेली होती. आपण तिच्यावर गुजराण करतो. या एका घासाचेही आभार मानणे आपल्यावर आहे.

प्रथिने कापण्यासाठी जी विकरे लागतात, त्यांतील मुख्य विकर मुगाच्या कोरड्या दाण्यात तयार ठेवलेले नसते. ते गरज पडेल तेव्हाच घडविले जाते. कोठाराशेजारी सुरी उघडी टाकलेली नाही, ही केवढी सावधगिरी! भातात तर कोंबाकडून गराभोवतीच्या आवरणाला निरोप जातो आणि मग तेथे विकरे तयार होऊ लागतात. ज्याची गरज आहे तो मागतो, तेव्हा कोठार उघडते.

विकरे प्रथिनांचे तुकडे करतात. त्यांतून अमिनो आम्ले सुटी होतात. काही अमिनो आम्ले कोंब तशीच घेतो आणि त्यांची नवी प्रथिने विणतो. जुन्या घराच्या विटा काढून नव्या घराला लावाव्यात, तसे. परंतु साठवणीतील प्रथिनांची ठेवण नव्या गरजेशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून काही अमिनो आम्ले आणखी मोडावी लागतात. त्यांत आर्जिनिन नावाचे एक आहे. त्याच्या एका रेणूत नत्राचे ४ अणू असतात, म्हणून साठवणीला ते उत्तम. ते मोडले की युरिया तयार होतो. होय, जो युरिया शेतकरी गोणीतून आणून भाताला फेकतो, तोच पदार्थ दाण्याच्या आत, अल्लाहच्या योजनेने, कणाकणाने तयार होतो. मग युरिएज नावाचे विकर त्याचा अमोनिया करते. या विकराची एक कथा आहे. जेम्स समनर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने तरुणपणी शिकारीतील अपघातात डावा हात गमावला होता. त्याने अनेक वर्षे खपून १९२६ साली आपल्या अबईच्या जातकुळीतील एका शेंगेच्या दाण्यांतून हे विकर स्फटिकरूपात वेगळे केले. शुद्ध स्फटिकरूपात मिळालेले हे पहिलेच विकर. त्यासाठी त्याला १९४६ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एका साध्या शेंगेचा दाणा जन्मभर पाहत राहिल्याचे हे फळ होते.

आता खरा धोका येतो. अमोनिया हे विष आहे. तो पेशीत साठला तर ज्या कोंबासाठी कोठार उघडले, तोच कोंब मरेल. म्हणून अमोनिया सुटताच दाणा त्याला बांधून टाकतो. त्यापासून ग्लुटामिन तयार होते, आणि पुढे ॲस्परॅजिन. १८०६ साली पॅरिसमध्ये शतावरीच्या कुळातील एका भाजीच्या रसातून ॲस्परॅजिन प्रथम वेगळे करण्यात आले. वेगळे केले गेलेले ते पहिलेच अमिनो आम्ल होते. उगवत्या कडधान्यांत ते भरपूर आढळते. त्याच्या एका रेणूत नत्राचे २ अणू सुरक्षित बसतात, त्याने कोणास इजा होत नाही, आणि ते दलांतून कोंबाकडे, मुळाकडे, पहिल्या पानाकडे निर्धोक वाहून नेता येते. जे सुटे असताना विष होते, तेच बांधले गेल्यावर आहार झाले.

या सर्वाचा हिशेब काय निघतो? मूग अंधारात उगवू द्या आणि काही दिवसांनी ते रोप वाळवून तोला. त्याचे कोरडे वजन मूळ दाण्याहून कमी भरते. पिष्टाचा काही भाग श्वासात जळून गेलेला असतो. पण नत्र मोजले, तर ते जवळजवळ तितकेच सापडते. फक्त त्याची जागा बदललेली असते. दलांतून निघून ते कोंबात गेलेले असते. जे जाळण्यासाठी होते ते दाण्याने जाळले, आणि जे पुढच्याला पोहोचवायचे होते त्याचा कण वाया घालविला नाही. शेवटी दोन्ही दले सुरकुततात आणि गळून पडतात. ठेव पोहोचती झाली, आता त्यांचे काम संपले.

आपल्या घरातील दाणा

बंधू-भगिनींनो, अल्लाहच्या निशाण्या करमणुकीसाठी नसतात. दाण्याकडे पाहून झाले. आता आपल्या घराकडे पाहू या.

ठाणे, मुंब्रा-कौसा, कल्याण, डोंबिवलीच्या भोवतालची गावे, पलीकडे भिवंडी, या पट्ट्यात गेल्या काही दशकांत भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. कित्येक कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांनी उन्हापावसात राबून जी जमीन राखली होती, तिचे रुपये झाले, फ्लॅट झाले, गाळे झाले. यात गैर काही नाही. ठेव एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, तसेच हे आहे. प्रश्न असा आहे की ती मोडली गेली तेव्हा ज्यांच्यासाठी ठेवलेली होती त्यांच्यापर्यंत ती पोहोचली का? आणि उत्तर कबूल करताना मान खाली जाते, कारण पुष्कळ घरांत ती बहिणींपर्यंत पोहोचलेली नाही.

एके शुक्रवारी नमाजनंतर एक वयस्क गृहस्थ या लेखकाजवळ आले. वडिलांची जमीन विकली होती, रक्कम बँकेत जमा होऊन वर्ष झाले होते, आणि त्यावर जकात किती द्यावी, असे ते विचारीत होते. प्रश्न प्रामाणिक होता. त्यांना विचारले, बहिणींचा हिस्सा वेगळा केल्यानंतरची ही रक्कम आहे ना? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्यांनी तर हक्कसोडपत्रावर सही केली आहे. सही कधी केली, कशासाठी केली, जमिनीची किंमत त्यांना सांगितली होती का, या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याजवळ नव्हती. जो पैसा आपला नाही त्याची जकात काढून तो शुद्ध होत नाही. तो ज्याचा आहे त्याला देणे हीच त्याची शुद्धी.

सूरह निसामध्ये (४:७) अल्लाहने स्पष्ट केले आहे की आई-वडील व जवळचे नातेवाईक जे मागे ठेवून जातात त्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही हिस्सा आहे, मग ती मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, आणि हा हिस्सा ठरवून दिलेला आहे. पुढे त्याच सूरहमध्ये हिस्से मोजून सांगितले आहेत आणि त्यानंतर या मर्यादा अल्लाहच्या आहेत असे म्हटले आहे. नमाज किती रकअत पढावी याचे तपशील पैगंबरांच्या (स.) शिकवणुकीतून कळले, वारशाचे अपूर्णांक मात्र खुद्द कुरआनमध्ये उतरले. यावरून या बाबीचे गांभीर्य ओळखावे.

एक साधे उदाहरण घेऊ. एक मनुष्य मरण पावला. मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत; आई-वडील आधीच वारलेले आहेत. दफनविधीचा खर्च, कर्ज आणि वैध वसीयत भागवून ३२ लाख रुपये उरले. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे ४ लाख. उरलेल्या २८ लाखांचे चार भाग करावयाचे: मुलाला दोन भाग, म्हणजे १४ लाख, आणि प्रत्येक मुलीला एक भाग, म्हणजे ७ लाख. हा हिशेब पाचवी-सहावीतील मूल करू शकते. अडचण गणिताची नाही, मनाची आहे.

आपण कारणे सांगतो. बहिणीच्या लग्नात खर्च केला. तो खर्च आपण आनंदाने केला होता; तो वारसा नव्हता, आणि वडील हयात असताना वारसा उघडतही नाही. सण-वाराला तिला साडी-चोळी करतो. ती माया आहे. माया हक्काची जागा घेऊ शकत नाही. तिने स्वतःहून सोडले. तिला ठाऊक होते की मागितले तर माहेरचे दार बंद होईल. जी सही दार बंद होण्याच्या भीतीने झाली, ती राजीखुशीची सही कशी म्हणावी? तिचा हिस्सा प्रथम तिच्या हाती द्या, तिच्या नावावर करा. मग तिने मनापासून त्यातील काही परत भेट दिले, तर ती तिची मर्जी.

काही जण कायद्याचा आडोसा घेतात. १९३७ च्या शरीअत अंमलबजावणी कायद्यात शेतजमिनीचे प्रश्न वगळलेले आहेत, असे ते सांगतात. कायद्यात ते शब्द आहेत हे खरे. परंतु अल्लाहच्या आदेशात खाचर आणि फ्लॅट असा फरक केलेला नाही, आणि ज्या न्यायालयात आपल्याला शेवटी उभे राहावयाचे आहे तेथे तो आडोसा चालणार नाही.

सुटी ठेव विष होते

दाण्याने शिकविलेली गोष्ट येथे आठवा. ठेव बंद होती तोवर ती निरुपद्रवी होती. मोडली गेली आणि तिच्यातून अमोनिया सुटला. तो तत्काळ बांधला नसता, तर ज्याच्यासाठी ठेव होती तोच मेला असता. जमिनीचे पैसेही असेच आहेत. जमीन जमीन होती तोवर भाऊ-भाऊ एका बांधावर बसून भाकरी खात होते. तिचे पैसे झाले आणि ते वाटले गेले नाहीत, की भाऊ भावाला ओळखत नाही, बहीण अंत्यविधीलाही येत नाही, नव्या पिढीतील पोरे मोटारसायकली आणि मोबाईल यांत रक्कम उडवून मोकळी होतात. पैसा वाईट नव्हता. तो बांधला गेला नाही, त्याच्या जागी पोहोचविला गेला नाही, एवढेच झाले.

सूरह फज्रमध्ये (८९:१७–२०) ज्या समाजाची निर्भर्त्सना केली आहे त्याचे दोष असे: अनाथाची कदर न करणे, गरिबाला जेवू घालण्याची प्रेरणा न देणे, वारसा सगळा एकत्र गिळून टाकणे, आणि संपत्तीवर बेसुमार प्रेम करणे. वारसा गिळणे हे अनाथाच्या अवहेलनेच्या ओळीत बसविलेले आहे, याची नोंद घ्यावी. आणि जे अनाथांची मालमत्ता अन्यायाने खातात ते पोटात आग भरतात, असा इशारा वारशाच्या आयतींमध्येच (४:१०) दिलेला आहे. दिवंगत भावाच्या लहान मुलांची जमीन ‘सांभाळणाऱ्या’ काकांनी तो वाचावा.

पैगंबर मुहम्मद (स.) यांचे सोबती हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना आपली बहुतेक संपत्ती दान करू पाहत होते, तेव्हा त्यांना एकच वारस, एक मुलगी, होती. पैगंबरांनी (स.) त्यांना एक तृतीयांशापर्यंतच परवानगी दिली आणि तेही पुष्कळ आहे असे सांगितले. वारसांना लोकांपुढे हात पसरावयास लावण्यापेक्षा त्यांना संपन्न ठेवून जाणे बरे, असा त्यांचा उपदेश बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आलेला आहे. दान हे किती मोठे पुण्य! तरीही त्यासाठी एका मुलीचा हक्क कमी करू दिला गेला नाही. मग चैनीसाठी तो कमी करणारे आपण कोण?

उशीर

आणखी एक गोष्ट. कोकणच्या दमट हवेत बी फार काळ ठेवले, तर त्याची उगवणशक्ती घटत जाते. दाणा दिसावयास तसाच असतो, ठेवही आत असते, पण कोंब मेलेला असतो. मग पाणी घातले तरी तो फक्त कुजतो. ठेव वेळेवर सुटली पाहिजे.

ते वयस्क गृहस्थ काही महिन्यांनी पुन्हा भेटले. धाकट्या बहिणीचा हिस्सा तिच्या खात्यात भरून आले होते. ती फोनवर फार बोलली नाही, एवढे म्हणाली की, अब्बांची आठवण आली. थोरल्या बहिणीविषयी विचारले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. तिचे दोन वर्षांपूर्वीच निधन झाले होते. शेवटच्या आजारपणात औषधांसाठी तिने शेजाऱ्यांकडून उसने घेतले होते, हे त्यांना नंतर कळले. तिचा हिस्सा आता तिच्या वारसांना द्यावयाचा होता, आणि तो ते देत होते. पण तो तिच्या हाती पडावा अशी वेळ निघून गेली होती. वाचकहो, आपल्यापैकी कोणाची थोरली बहीण आज हयात असेल, तर हे पान वाचून होताच तिला फोन करा.

काय करावे, हे अवघड नाही. घरातील शेवटचा मृत्यू कोणाचा झाला आणि त्यांची मालमत्ता काय होती याची यादी करा. कर्ज व वसीयत भागवा. जाणत्या आलिमकडून हिस्से लिहून घ्या आणि कागदपत्रांसाठी वकिलाचा सल्ला घ्या. बहिणींना, आईला, दिवंगत भावंडांच्या मुलांना बोलावून किंमत उघड सांगा. रक्कम एकदम देणे शक्य नसेल, तर ते कर्ज आहे असे समजून लिहून ठेवा आणि हप्ते बांधा. पूर्वी जे झाले त्याची तौबा करावयाची, तर हक्क परत केल्याविना ती पुरी होत नाही.

तराजू

पेरणीपूर्वी आपले शेतकरी भाताचे बी मिठाच्या पाण्यात बुडवितात. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून त्यात बी ओतले की पोकळ दाणे तरंगतात आणि भरलेले तळाशी जातात. तरंगणारे काढून टाकतात. बाहेरून दोन्ही दाणे सारखेच सोनेरी दिसत होते. फरक आतल्या ठेवीचा होता.

सूरह कारिआमध्ये (१०१:६–९) अशाच एका दिवसाची खबर दिली आहे. ज्याचा तराजू जड, तो मनाजोग्या जीवनात असेल. ज्याचा हलका, त्याचे ठिकाण खोल खाई. त्या दिवशी आपले टॉवर, आपले गाळे, आपले सातबारा उतारे तोलले जाणार नाहीत. ते कोणाचे होते आणि कोणाला पोहोचले, हे तोलले जाईल.

आपण सर्वजण त्या डाळीच्या दलांसारखे आहोत. आपल्याजवळ जे आहे ते कोणीतरी स्वतः रिते होऊन आपल्यात भरले: आई-वडिलांनी, शिक्षकांनी, राबणाऱ्या हातांनी, आणि या सर्वांमागे त्या पालनकर्त्याने. आपण सुरकुतणार, गळणार, यात शंका नाही. गळताना आपण रिते असू, की दुसऱ्याची ठेव पोटात घेऊन कुजणार आहोत, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे. मनुष्य मेला की त्याची कर्मे संपतात. उरतात ती तीनच: अखंड चालणारे दान, उपयोगी पडणारे ज्ञान, आणि त्याच्यासाठी दुआ करणारी सद्वर्तनी संतती, अशी शिकवण सहीह मुस्लिममध्ये आली आहे. ज्या मुलांनी वडिलांना आत्याचा हक्क देताना पाहिले असेल, त्यांची दुआ कशी असेल याची कल्पना करा. ज्यांनी तो गिळताना पाहिले असेल, ती मुलेही जे पाहिले तेच शिकतील.

पुढच्या वेळी घरात वालाची गाठ सोडली जाईल तेव्हा मुलांना जवळ बोलवा. मोड दाखवा. सांगा की या दाण्याने कोणाचेही काही ठेवून घेतले नाही.

हे अल्लाह, दाण्याला आणि पहाटेला उकलणाऱ्या पालनकर्त्या! आमच्या मुठी आणि आमची मने उकल. जे आमचे नाही ते आमच्याजवळ राहू देऊ नकोस. ज्यांचे हक्क आमच्या हातून बुडाले त्यांना ते पोहोचविण्याची बुद्धी, सवड आणि धैर्य आम्हांला दे, आणि जे आता हयात नाहीत त्यांच्यासमोर तुझ्या दरबारात आमची लाज राख. आमीन.